लहान मोटारीची निगा

मोटारगाडी ही एके काळीं संस्थानिकांच्या व बॅरिस्टरांच्याच दारांत दिसे. सेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट गाड्या बाहेर पडूं लागल्या, तेव्हां ती डॉक्टर-वकिलांच्या दारीं आली. नंतर १९८३ सालच्या डिसेंबरांत गुडगांवच्या कारखान्यांतून ‘मारुति ८००’ ही तीन सिलिंडरांची, ७९६ घनसेंटिमीटरांची चिमुकली गाडी निघाली आणि मोटार कारकून-शिक्षकांच्याहि आवाक्यांत आली. त्या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें. तथापि तिच्या मागून आलेल्या लहान गाड्यांनीं आमच्या रामदासपेठेंतील गल्ल्या आज दुतर्फा भरून गेल्या आहेत.

गाडी घरोघर आली, परंतु गाडीची विद्या घरोघर आली नाहीं. बैलगाडी हांकणारा शेतकरी आंसाला वंगण घातल्यावांचून गांवाबाहेर पडत नसे. पण मोटार हांकणारा सुशिक्षित गृहस्थ सहा सहा महिने बॉनेट उघडून पाहत नाहीं. मग एके दिवशीं गाडी रस्त्यांत उभी राहते, आणि ‘गाडी एकाएकीं बिघडली’ असें आपण म्हणतों. बहुधा तें खरें नसतें. गाडीनें पुष्कळ आधीं सूचना दिलेली असते. आपण ती ऐकलेली नसते, किंवा ऐकूनहि घाईच्या भरांत पुढें गेलेले असतों. हल्लींच्या गाड्यांत विद्युत्-यंत्रणा फार वाढली आहे, आणि तिचें निदान करण्यास कारखान्यांतील उपकरणेंच लागतात, हें खरें. परंतु तेल, पाणी, बॅटरी, हवा व ब्रेक ह्या पांच गोष्टी अजूनहि घरधन्याच्याच हातीं आहेत. त्यांचाच विचार येथें करूं.

प्रथम तेल. मोटारीच्या यंत्रांत दट्ट्या एका मिनिटांत हजारों वेळां खालींवर होतो. धातूवर धातू घासूं न देतां मध्यें तेलाचा पातळ पापुद्रा राखणें, हें वंगणाचें काम. तेलाची पातळी पाहण्यास गाडी सपाट जागीं उभी करून यंत्र बंद करावें व पांच-दहा मिनिटें थांबावें. मग मापाची पट्टी काढून फडक्यानें पुसावी, पुन्हां आंत घालून बाहेर काढावी, व तेल दोन खुणांच्या दरम्यान आहे कीं नाहीं तें पाहावें. पंधरवड्यांतून एकदां एवढें केलें तरी पुरे.

‘आमची गाडी फारशी चालतच नाहीं, मग तेल कशास बदलावें?’ असा प्रश्न आमच्या पेठेंत नेहमीं ऐकूं येतो. रामदासपेठेंतून सीताबर्डीस किंवा धरमपेठेस जाणें म्हणजे दोन-तीन किलोमीटरांची फेरी. एवढ्या अंतरांत यंत्र पुरतें तापत नाहीं. ज्वलनांत उत्पन्न होणारी पाण्याची वाफ व न जळलेलें पेट्रोल हीं तेलांत उतरतात, आणि यंत्र चांगलें तापल्यावांचून तीं उडून जात नाहींत. म्हणून थोडी थोडी चालणारी गाडीच तेल लवकर बिघडविते. गाडीच्या पुस्तिकेंत तेलासाठीं अंतराची व महिन्यांची अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात. त्यांतील जी आधीं येईल ती पाळावी. चालत्या गाडींत तेलाचा तांबडा दिवा लागला, तर ‘सवडीनें तेल घाला’ असें तो सांगत नसतो. तेलाचा दाबच गेला, असा त्याचा अर्थ. तत्क्षणीं गाडी बाजूस घेऊन यंत्र बंद करावें.

दुसरी गोष्ट पाणी. आणि नागपूरकरांस हिचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा हवेंत यंत्राची उष्णता बाहेर टाकण्याचें काम रेडिएटर करतो. त्यांत केवळ नळाचें पाणी न घालतां कूलंट मिसळलेलें पाणी घालावें. कूलंटमुळें पाणी उकळण्याचें तपमान वाढतें आणि आंतील धातूस गंज चढत नाहीं. पातळी सकाळीं, यंत्र थंड असतांना पाहावी. ती वारंवार उतरत असेल, तर पुन्हां पुन्हां पाणी ओतण्यापेक्षां गळती कोठें आहे तें शोधावें. रेडिएटरच्या जाळींत साचलेली धूळ, फुगलेली रबरी नळी, किंवा फ्यूज जळाल्यामुळें न फिरणारा पंखा हींच तापण्याचीं कारणें बहुधा असतात.

येथें आमचाच एक मूर्खपणा सांगतों. एका उन्हाळ्यांत वर्ध्याहून परत येतांना बुटीबोरीजवळ उष्णतामापकाचा कांटा तांबड्या रेषेकडे सरकूं लागला. घर तीसच किलोमीटर उरलें, आतां कशास थांबावें, असें म्हणून आम्ही तसेच पुढें आलों. घरीं पोंचलों खरे. पण यंत्राचें ॲल्युमिनियमचें डोकें तापून वांकलें होतें, त्याखालचें गॅस्केट गेलें होतें, आणि तेलांत पाणी मिसळून त्याचें ताकासारखें पांढरें पाणी झालें होतें. झाडाखालीं अर्धा तास थांबलों असतों, तर रबरी नळीच्या किंमतींत काम भागलें असतें. त्या अर्ध्या तासापायीं एका महिन्याचा पगार गेला.

कांटा चढूं लागतांच वातानुकूलन बंद करावें व सांवलींत गाडी उभी करून यंत्र थंड होऊं द्यावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर जाऊनहि तें उकळलेलें नसतें. झांकण फिरवितांच दाब नाहींसा होतो आणि त्या पाण्याची एकदम वाफ होऊन ती तोंडावर व हातांवर उसळते. तापलेल्या यंत्रावर थंड पाणी ओतणेंहि तितकेंच घातक. त्यानें धातूस तडा जातो.

तिसरी गोष्ट बॅटरी. डिसेंबरांतील गार पहाटे किल्ली फिरविली कीं नुसता ‘टक् टक्’ असा आवाज येतो व गाडी सुरू होत नाहीं. मग दोष थंडीस दिला जातो. वास्तविक बॅटरीची खरी हानि उन्हाळ्यांतच झालेली असते. उष्णतेनें आंतील पाणी आटतें व पत्रे झिजतात. थंडी केवळ तें उघडकीस आणते. शिवाय स्टार्टरनें घेतलेली वीज परत भरून येण्यास गाडी कांहीं काळ चालावी लागते, आणि रोजच्या लहान फेऱ्यांत तेवढा काळ मिळत नाहीं. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी. ज्या बॅटरीस झांकणें असतात, तींत ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. टोंकांवर चढणारी पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा मिसळून धुवावी. तारा सोडतांना ऋण टोंक आधीं सोडावें व जोडतांना तें शेवटीं जोडावें. असें न केल्यास धन टोंकावरील पाना गाडीच्या पत्र्यास लागून ठिणग्या उडतात.

चौथी गोष्ट चाकांतील हवा. आणि येथें प्रश्न पैशाचा राहत नाहीं, जिवाचा होतो. उन्हाळ्यांत टायर फुटूं नयेत म्हणून त्यांतील हवा थोडी कमी करावी, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अगदीं उलट आहे. हवा कमी असली कीं टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यांत अधिक दबतात व पुन्हां ताठ होतात. तार वारंवार वांकविली असतां जशी तापते, तसेंच हें रबर तापतें, आणि वेगाबरोबर ही उष्णता वाढत जाऊन टायर फुटतो. नागपूर-शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा २०२२ सालच्या डिसेंबरांत खुला झाला व संपूर्ण ७०१ किलोमीटरांचा मार्ग २०२५ सालच्या जूनमध्यें पुरा झाला. गांवांत वर्षानुवर्षें चाळीसच्या वेगानें चाललेले जुने टायर घेऊन त्या कॉंक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास धांवणें म्हणजे संकटास आमंत्रण होय. हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्यांत दिली असेल तितकीच, टायर थंड असतांना भरावी. प्रवासांत तापून वाढलेला दाब पाहून ती काढूं नये. टायरवरील खांचांची खोली १.६ मिलिमीटरांहून कमी झाली, बाजूस फुगवटा आला किंवा भेगा पडल्या, तर तो टायर टाकून द्यावा. सुटें चाक व जॅक हींहि निघण्यापूर्वीं पाहून ठेवावीं.

पांचवी गोष्ट ब्रेक. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. कालांतरानें त्यांतील पाणी ब्रेक तापल्यावर उकळतें, नळींत वाफ धरते, आणि पाय दाबला असतां पट्टी मऊ लागून खालीं जाते. म्हणून दर दोन वर्षांनीं हें तेल बदलण्याचा प्रघात आहे. ब्रेक कर्कश वाजूं लागणें, पट्टी पूर्वींपेक्षां खोल जाणें, किंवा गाडी एका बाजूस ओढली जाणें ह्या सूचना आहेत, आणि त्यांस दुसऱ्या दिवसाची मुदत देतां येत नाहीं.

गाडी सूचना देते ह्या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. पुष्कळ लहान गाड्यांत झडपा उघडण्यामिटण्याची वेळ दांत्यांचा एक रबरी पट्टा सांभाळतो. तो तुटतो तेव्हां बहुधा मुकाट्यानें तुटतो, आणि कित्येक गाड्यांत दट्ट्या झडपांवर आपटून यंत्राचा नाश होतो. येथें कानापेक्षां वहीवर भिस्त ठेवावी, आणि पुस्तिकेंत दिलेल्या अंतरावर पट्टा चांगला दिसत असला तरी बदलावा.

शेवटीं पावसाविषयीं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरांत थोड्या तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला; अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला आणि नाग नदी पात्र सोडून कांठच्या वस्त्यांत शिरली. माणसें दगावलीं, संसार भिजले, आणि असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. पूर ओसरल्यावर गाडी सुरू होते कीं नाहीं हें पाहण्याचा मोह कोणासहि होतो, आणि तोच मोह गाडीचा घात करतो. दट्ट्या हवा दाबूं शकतो, पाणी दाबूं शकत नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां किल्ली फिरविली, तर दट्ट्या वर येतांना त्या पाण्यावर अडतो व त्याचा जोडदांडा वांकतो. साध्या विम्यांत अशा नुकसानीची भरपाई बहुधा मिळत नाहीं, कारण तें पुरानें नव्हे तर किल्ली फिरविल्यानें झालें असें धरलें जातें. म्हणून बुडालेल्या गाडीस किल्ली लावूंच नये. बॅटरी सोडवावी, गाडी ओढून न्यावी, आणि प्लग काढून पाणी बाहेर गेल्यावर व तेल बदलल्यावर कारागिराकरवींच ती सुरू करवावी.

विद्यार्थिमित्रांनीं येत्या शनिवारीं सकाळीं, गाडी थंड असतांना, वडिलांबरोबर बॉनेट उघडावें. तेल, पाणी, बॅटरी, हवा व ब्रेक हीं एका जुन्या वहींत लिहून प्रत्येकापुढें तारीख व काय दिसलें तें टिपावें. ह्या कामास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. आणि मेच्या एखाद्या दुपारीं आजाऱ्यास घेऊन धंतोलीच्या दवाखान्याकडे निघण्याची पाळी आलीच, तर त्या वेळीं गाडी वाटेंत उभी राहणार नाहीं, इतका भरंवसा त्या वहीच्या जोरावर धरतां येईल.