विश्लेषण : मृतदेहाच्या गळ्यात ‘शांतता पदक’? काय होता चांदी, फर आणि राजसत्तेचा सौदा?

अमेरिकी अधिकारी मेरीवेदर लुईसच्या तुकडीची २७ जुलै १८०६ रोजी पहाटे आजच्या मोंटाना राज्यात ब्लॅकफीट जमातीच्या तरुणांशी चकमक झाली. बंदुका आणि घोडे पळवण्यावरून झालेल्या झटापटीत दोन तरुण मारले गेले. आदल्या संध्याकाळी भेट दिलेला झेंडा लुईसने परत घेतला. पदक मात्र मृताच्या गळ्यात तसेच ठेवले. आपण कोण होतो हे जमातीला कळावे, असा हेतू त्याने स्वतःच रोजनिशीत नोंदवला आहे. या पदकांना म्हणतात ‘पीस मेडल’, म्हणजे शांतता पदक!

(‘इंडियन पीस मेडल’ असे सर्च केल्यास गोंधळू नका, इथे ‘इंडियन’ म्हणजे उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी.)

पदकांचा व्यापाराशी काय संबंध?

युरोपात टोप्यांसाठी बीव्हरच्या फरला प्रचंड मागणी होती. फर आणून देत मूळ रहिवासी. बदल्यात त्यांना बंदुका, दारूगोळा, घोंगड्या मिळत. त्यामुळे प्रमुखांना आपल्या बाजूला ठेवणे ब्रिटनला भाग होते. राजा तिसऱ्या जॉर्जची छबी असलेली चांदीची पदके त्यासाठीच वाटली जात. पदक गळ्यात घालणारा प्रमुख राजाचा मित्र, म्हणजेच त्याच्या व्यापाऱ्यांचाही. प्रमुखांच्या लेखी ती बरोबरीच्या मैत्रीची खूण होती. राजाच्या लेखी निष्ठेची. खरी मेख इथेच आहे.

राजा नसलेल्या अमेरिकेने काय केले?

राजाचीच पद्धत उचलली. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने किमान ८९ पदके सोबत नेली होती. त्यांतील काहींवर एका बाजूला राष्ट्राध्यक्ष जेफरसन, दुसऱ्या बाजूला हस्तांदोलन. मोठी पदके आतून पोकळ होती. चांदीचे दोन पातळ पत्रे कडेने जोडलेले! १८०५-०६ मध्ये झेब्युलॉन पाइकने तर मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातील ब्रिटिश व्यापाऱ्यांना त्यांची पदके आणि झेंडे वाटू नका, असे बजावले.

सेनेका जमातीचा नेता रेड जॅकेट याचे नाव पडले ते ब्रिटिशांनी दिलेल्या लाल कोटावरून. १७९२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्याला चांदीचे पदक दिले. ते नंतर शतकभराहून अधिक काळ बफेलोच्या इतिहास संग्रहालयात होते. २०२१ मध्ये संग्रहालयाने ते सेनेका नेशनला परत केले.