बोटं वाकण्याआधी: आमवाताविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सांधे दुखले की आपल्याकडे ‘वात आहे’ म्हणून विषय संपवतात. जुन्नर-आंबेगावात भाताच्या आवणीपासून कांद्याच्या काढणीपर्यंत वर्षभर कंबर वाकलेलीच असते, त्यामुळे दुखणं कुणाला नवं वाटत नाही. पण या दुखण्यांत एक आजार असा आहे, की पहिल्या काही महिन्यांत ओळखला तर माणूस पुढे अनेक वर्षं शेतात-घरात हिंडतंफिरतं राहतं आणि अंगावर काढला तर बोटं कायमची वाकडी होतात. तो म्हणजे आमवात. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात. त्यावर औषधं आहेत आणि मुख्य गोळ्या महागही नाहीत. उपचारांच्या आड येतात ते बहुतेक वेळा गैरसमज.

गैरसमज १: सांधेदुखी म्हणजे आमवातच, आणि तो म्हातारपणाचा आजार.

वस्तुस्थिती: आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत दर शंभरी सुमारे अठरा जणांना हाडांचा, सांध्यांचा किंवा स्नायूंचा त्रास निघाला. आमवात मात्र हजारात पाचेक जणांनाच होता. म्हणजे बहुतेक सांधेदुखी आमवाताची नसते. तरीही आकडा लहान नाही. २०११ च्या जनगणनेत जुन्नर आणि आंबेगावची मिळून लोकसंख्या सहा लाखांवर होती. त्यातल्या प्रौढांना भिगवणचं प्रमाण लावलं तर या दोन तालुक्यांत दोन हजारांच्या आसपास रुग्ण असावेत. हा आजार बऱ्याचदा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि बायकांत पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो.

गुडघे झिजले असतील तर ते चालल्यावर, काम केल्यावर दुखतात आणि बसलं की दुखणं उतरतं. आमवाताचं उलटं असतं. पहाटे गोठ्यात धार काढायला बसावं तर मूठच वळत नाही, आचळ धरवत नाही; तास-दीड तासानं बोटं जरा मोकळी होतात. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं, मधली पेरं आणि मनगटं सुजतात. बांगडी चढत नाही, वेणी घालता येत नाही. असं सहा आठवडे टिकलं तर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज २: थंडीत, चिखलात काम केल्यानं हा आजार होतो.

वस्तुस्थिती: शरीराचं रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच चुकून सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, त्यातून सूज येते आणि पुढे कूर्चा व हाड झिजतं. त्यात थोडा वाटा आनुवंशिकतेचा आणि थोडा बाहेरच्या कारणांचा असतो. विडी-सिगारेटनं धोका वाढतो, हे पक्कं ठाऊक आहे. आहुपे, भीमाशंकरच्या पट्ट्यात पावसात दिवसभर वाफ्यात उभं राहिलं की आखडलेपण जास्त जाणवतं, पण आजार चिखलातून येत नाही. म्हणून ‘आवणीला गेली म्हणून झालं’ असा दोष बाईच्या माथी मारू नये.

गैरसमज ३: ‘आरए फॅक्टर’ पॉझिटिव्ह म्हणजे आमवात, निगेटिव्ह म्हणजे नाही.

वस्तुस्थिती: आमवाताच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात रक्ताची ही तपासणी निगेटिव्ह येते. उलट, काही निरोगी वयस्कांत आणि क्षयरोग किंवा यकृताच्या जुनाट संसर्गातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे, तरी निदान होतं ते सांधे दाबून, हातानं तपासून. रिपोर्ट फक्त जोडीला असतो. चिकनगुनियानंतरही सांधे कित्येक महिने धरतात, म्हणून आधी ताप येऊन गेला होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगावं.

गैरसमज ४: मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची गोळी, ती घेऊ नये.

वस्तुस्थिती: कॅन्सरवर ती फार मोठ्या मात्रेत देतात. आमवातात तिची मात्रा थोडी असते, साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, तीही आठवड्यातून एकदाच. जगभर आमवातावर पहिलं औषध म्हणून बहुधा हीच गोळी देतात. तिच्याबाबत सगळ्यांत धोक्याची चूक म्हणजे ती रोज घेणं. त्यानं रक्तपेशी घटतात, तोंड येतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून गावच्या बाजाराचा वार हाच गोळीचा वार ठरवावा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दुसऱ्या वारी, डॉक्टर सांगतील तशी. दारू टाळावी आणि रक्ताची व यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नये.

गैरसमज ५: एक इंजेक्शन घेतलं की महिनाभर चिंता नाही.

वस्तुस्थिती: अशा इंजेक्शनात बहुधा स्टेरॉइड किंवा वेदनाशामक असतं. सूज उतरते, पण त्याच्या भरवशावर राहिलं तर मूळ औषधाविना सांधा आतून झिजत राहतो. स्टेरॉइड वाईट नाही. सुरुवातीला, थोड्या दिवसांसाठी डॉक्टर ते मुद्दाम देतात. वर्षानुवर्षं घेतलं तर मात्र साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. ते बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. वेदनाशामकांनी जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते. नाव नसलेल्या पुडीत काय आहे हे कळत नाही. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

गैरसमज ६: टोमॅटो, दही, आंबट, वांगं, डाळी बंद केल्या की आजार आटोक्यात येतो.

वस्तुस्थिती: नारायणगावच्या टोमॅटोनं किंवा जुन्नरच्या द्राक्षांनी आमवात वाढतो याला आधार नाही. डाळी-मांसाची पथ्यं ऐकू येतात ती युरिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे गाऊटच्या आजारातून. तो आजार वेगळा. आमवात असलेल्या बाईत अनेकदा रक्त कमी असतं. तिचं दूध, डाळ, अंडं बंद केलं तर अशक्तपणा तेवढा वाढतो. एखादा पदार्थ स्वतःला बाधतो असं वाटलं तर तेवढाच सोडावा. बाकी बाजरी, नाचणी, मोडाची कडधान्यं, पालेभाज्या आणि दूध पोटभर खावं.

गैरसमज ७: आता काम सोडा, नुसता आराम करा.

वस्तुस्थिती: सांधा लाल-गरम होऊन सुजलेला असेल तेव्हा विश्रांती हवीच. एरवी न हललेला सांधा अधिक आखडतो आणि भोवतीचा स्नायू सुकतो. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून दहा मिनिटं मूठ उघडावी-मिटावी, मग धारेला बसावं. कामाच्या रीती थोड्या बदलल्या की सांध्यांवरचा ताण कमी होतो:

- विळ्या-खुरप्याच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे कमी आवळावी लागते.
- हंडा, पातेलं बोटांनी न उचलता दोन्ही तळव्यांवर पेलावं.
- पिशवी बोटांत लटकवण्याऐवजी खांद्यावर किंवा कोपरावर घ्यावी.
- खुरपणी सलग न करता मध्येमध्ये उठून हात मोकळे करावेत. पिळायचं जाड कापड घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावं.

हे शेवटचं घरच्यांसाठी आहे. सूज दिसते, थकवा दिसत नाही. आमवातातला थकवा आजाराचाच भाग असतो. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

गैरसमज ८: या मुलीचं लग्न होणार नाही, मूल होणार नाही.

वस्तुस्थिती: आमवात असलेल्या असंख्य बायका आई झाल्या आहेत. फक्त मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही. गर्भ राहण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती थांबवून त्या काळात चालणारी औषधं घ्यावी लागतात. म्हणून ही गोष्ट लपवू नये, आधीच बोलावी.

गैरसमज ९: बरं वाटलं, आता औषध बंद.

वस्तुस्थिती: आमवात मुळापासून जात नाही, पण औषधांनी तो इतका शांत होऊ शकतो की सूज नाही, दुखणं नाही. तो शांत झाला तो औषधामुळे. मात्रा कमी करायची का, कधी, हे डॉक्टरांसोबत ठरवावं. मंचर, नारायणगावला तपासण्या करून संधिवाततज्ज्ञांकडे पुण्याला काही महिन्यांतून एक फेरी, एवढ्यावर बऱ्याच जणांचं निभतं. आज कुणाच्या घरी पहाटे मूठ वळत नसेल तर मालिश, पुडी आणि उपासांत दिवस घालवू नका. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेला उपचार सांधे वाचवतो. एकदा हाड झिजलं की ते कुठल्याच गोळीनं भरून येत नाही.