पलांडू, लशुन आणि घरचे श्वान

वैद्याच्या दवाखान्यात रुग्ण केवळ स्वतःची व्यथा घेऊन येत नाही, हे आपण सारेच जाणतो. सासूबाईंचे गुडघे, नातवाचा खोकला आणि अलीकडे घरच्या कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी, असे अनेक प्रश्न नाडीपरीक्षा आटोपल्यावर हळूच पुढे येतात. अशाच एका प्रश्नाला आम्ही दिलेल्या उत्तराची ही हकीकत आहे. ते उत्तर चुकले होते, म्हणूनच ते वैद्यबंधूंसमोर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमवातासाठी आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका गृहिणीने पावसाळ्याच्या तोंडी विचारले, "आमच्या पॉमेरियनला फार गोचिडी झाल्यात. लसूण दिला तर चालेल का?" लशुन कृमिघ्न, उष्ण, तीक्ष्ण, अम्लवर्जित पंचरसात्मक, काश्यपसंहितेत तर त्याचा स्वतंत्र कल्पच सांगितलेला. आम्ही फारसा विचार न करता म्हणालो, "थोडा द्यायला हरकत नाही." ‘थोडा’ म्हणजे किती, हे त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. चार किलो वजनाच्या त्या प्राण्याला रोज आठ-दहा पाकळ्या ठेचून तुपात परतून मिळू लागल्या. भरीला घरचा उरलेला कांद्याचा रस्सा पोळीत कुस्करून दिला जात होताच.

आठवड्याभरात कुत्रा मलूल झाला. त्याने जिन्यावर चढणे सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि मूत्र काळपट तांबडे होऊ लागले. पशुवैद्यांना प्रथम शंका आली ती गोचीड-तापाची. गोचिडीतून पसरणाऱ्या बाबेसिया या परजीवीमुळेही रक्तकण फुटून मूत्र तांबडे होते आणि आपल्याकडे तो आजार दुर्मीळ नाही. परंतु रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी आढळले नाहीत. आढळले ते लाल कणांच्या कडेला चिकटलेले बारीक गोळे, ज्यांना ‘हाइन्झ बॉडी’ म्हणतात. पशुवैद्यांचा पुढचा प्रश्न आहाराविषयी होता आणि त्याच्या उत्तरात आमचे नाव आले.

पुढील काही दिवस आम्ही या विषयाचे पशुवैद्यकीय वाङ्मय वाचण्यात घालविले. कांदा, लसूण, पातीचा कांदा हे सारे एकाच कुळातील. त्यांतील गंधकयुक्त संयुगे चिरल्यावर, चावल्यावर मोकळी होतात आणि श्वानाच्या रक्तकणांतील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करतात. बिघडलेले हिमोग्लोबिन गोळा होऊन कणाच्या आवरणाला चिकटते, असा कण ठिसूळ होतो आणि फुटतो. आपल्या परिभाषेत पांडुरोगच म्हणावा, पण याचा हेतू थेट आहारात आहे. कांदा शिजविल्याने वा वाळविल्याने हा दोष जात नाही. त्यामुळे तळलेल्या कांद्याला किंवा तयार मसाल्यातील कांदाभुकटीला निरुपद्रवी समजू नये.

मात्रेचा विचार केला तर श्वानाच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात लक्षणीय बदल झाल्याची नोंद आहे. मांजर याहून नाजूक. तिला किलोमागे ५ ग्रॅमही पुरतात. एका वेळी शरीरभाराच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा पोटात गेल्यास विषबाधेचा धोका गृहीत धरावा, असेही पशुवैद्यकीय ग्रंथ सांगतात. दहा किलोच्या कुत्र्यास हे प्रमाण ५० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याहूनही कमी. शिवाय रोजचे थोडेथोडे साचत जाऊनही तोच परिणाम होऊ शकतो. अकिता, शिबा यांसारख्या काही जपानी जातींत रक्तकणांची घडणच आनुवंशिकरीत्या अशी असते, की त्यांना हा धोका अधिक संभवतो.

लसणाविषयीचे चित्र मात्र इतके सरळ नाही आणि ते तसे रंगविणे आम्हांस योग्य वाटत नाही. इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात चार श्वानांना सात दिवस लशुनाचा अर्क देण्यात आला. मात्रा किलोमागे ५ ग्रॅम अखंड लसणाएवढी होती. रक्तकणांची हानी दिसली, रक्ताची घनता उतरली, तथापि एकाही श्वानास उघड रक्तनाशजन्य पांडू झाला नाही. पुढे २०१८ मध्ये दीर्घकाळ मुरविलेल्या लशुनार्काचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्प मात्रेत बारा आठवडे देऊनही त्यात अपाय आढळला नाही. संस्काराने द्रव्याचे गुण पालटतात हे आपल्याला नवे नाही. परंतु खलबत्त्यात ठेचलेला कच्चा लसूण म्हणजे तो मुरविलेला अर्क नव्हे. आणि मुळात लसणाने गोचिडी जातात, यालाच खात्रीलायक आधार नाही. ज्या लाभासाठी हे धाडस करावे तो लाभच संशयास्पद असेल, तर ‘थोडा’ तरी का द्यावा?

येथे एक शास्त्रीय मुद्दा उरतो. संहिताकारांनी द्रव्यांचे जे गुणकर्म सांगितले ते मनुष्यदेहासाठी. हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आणि अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा वेगळी निर्माण झाली, ती उगाच नव्हे. श्वानांची दखल आपल्या वाङ्मयात नाही असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात ‘सारमेयविनोद’ आहे. तरीही मनुष्याचे सात्म्य तेच श्वानाचे सात्म्य, असे मानण्यास आधार मिळत नाही. शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुचिकित्सा नोंदणीकृत पशुवैद्यकांकडे सोपविली आहे. आमची नोंदणी माणसांपुरती आहे, हे त्या दिवशी आम्ही विसरलो.

द्राक्षाचेही तसेच. मनुका हे आपले लाडके द्रव्य. कोणत्याही वैद्याच्या कपाटात ते सापडेल. श्वानास मात्र द्राक्षे व मनुका यांमुळे वृक्काची तीव्र हानी होऊ शकते आणि कोणत्या कुत्र्याला किती खाल्ल्याने ती होईल याचा नेम नसतो. त्यांतील टार्टारिक आम्ल हे कारण असावे, असे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. तेच आम्ल चिंचेत विपुल असते. चिंच घातलेली आमटी भातावर ओतून देण्याची आपल्याकडील सवय पाहता हे ध्यानात असलेले बरे.

मग घरच्या श्वानाला भाजी द्यावीच नये काय? तसे नाही. गाजर, उकडलेला लाल भोपळा, फरसबी, काकडी, उकडलेले रताळे ही बहुतेकांना सोसतात. अट इतकीच, की ती फोडणी, मीठ व मसाल्यापूर्वी बाजूला काढलेली असावीत. दुधी भोपळा देण्यापूर्वी त्याची चकती चाखून पाहावी. कडू लागल्यास तो माणसानेही खाऊ नये. हिरवट पडलेला किंवा कोंब फुटलेला बटाटा टाळावा. मक्याचे कणीस तर खेळायलाही देऊ नये. दाणे सोसतील, पण बुरकुंडाचा तुकडा आतड्यात अडकला की गाठ शस्त्रक्रियेशी पडते.

कांदा-लसूण खाल्ल्याची लक्षणे एक ते काही दिवसांनी प्रकट होतात, म्हणून ‘काल खाल्ला, आज ठीक आहे’ यावर विसंबू नये. यावर विशिष्ट उतारा नाही. खाल्ल्यावर लगेच नेल्यास पशुवैद्य वांती घडवितात, कोळशाची मात्रा देतात. उशीर झाल्यास सलाइन, प्राणवायू आणि गंभीर अवस्थेत रक्त द्यावे लागते. घरी मीठपाणी पाजून वांतीचा प्रयत्न करू नये. पांडूच्या रुग्णाची आपण पापणी पाहतो तशी कुत्र्याची हिरडी पाहण्यास मात्र घरच्यांना अवश्य सांगावे.

तो पॉमेरियन वाचला. रक्त देण्याची वेळ आली नाही, परंतु पूर्ववत होण्यास तीन आठवडे लागले. आम्ही त्या गृहिणीच्या घरी जाऊन आमची चूक मान्य केली. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून दिला हो." त्यांचा आमवाताचा उपचार आमच्याकडेच चालू आहे. त्यांच्या पथ्यपत्रकावर लशुनाच्या ओळीपुढे आता आम्ही स्वहस्ते लिहितो : केवळ आपल्यासाठी.