घरचा कॉम्प्युटर आणि सुट्या भागांची पारख

मिक्सरचे पाते बोथट झाले, की आपण पाते बदलतो. मिक्सर फेकून देत नाही. कुकरची रिंग सैल झाली, तर रिंग आणतो. घरातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण बिचकतो. ‘ते बाई ह्यांचं खातं’ किंवा ‘ते मुलांना कळतं’ असे म्हणून बाजूला होतो. मग दुकानदार सांगतो, ‘मदरबोर्ड गेला, नवाच घ्या,’ आणि घरखर्चातून पैसे मात्र आपल्यालाच काढून द्यावे लागतात!

सध्या हा विषय पुष्कळ घरांत निघतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, तेव्हापासून जुना कॉम्प्युटर सुधारून घ्यावा की नवा आणावा, हा प्रश्न आहेच. मैत्रिणींनो, पैसे घालण्याआधी एवढे पाहा. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ‘पीसी हेल्थ चेक’ हा मायक्रोसॉफ्टचाच मोफत प्रोग्रॅम आपला कॉम्प्युटर त्यात बसतो का, ते सांगतो. प्रोसेसरच बसत नसेल, तर रॅम कितीही वाढवली तरी उपयोग नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे व्हायचे!

आधी जपणूक, मग दुरुस्ती

आमच्या शेजारच्या वहिनींनी जुन्या ४ जीबी रॅमच्या जोडीला आणखी एक पट्टी बसवून घेतली. दुसऱ्याच दिवसापासून पडदा निळा होऊन कॉम्प्युटर बंद पडू लागला. दुकानदार म्हणाला, ‘तुमचा मदरबोर्ड जुना झालाय.’ वहिनींना काळजी निराळीच होती. त्यांच्या कैलासवासी सासऱ्यांच्या आवाजातले अभंग त्याच एका डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते.

त्यांनी पहिले काम केले ते हे, की नवी पट्टी काढायला लावली आणि सगळे अभंग, फोटो, मुलांचे दाखले बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. हा क्रम लक्षात ठेवा. सदोष रॅममुळे फाइली बिघडू शकतात. आणि डिस्क गेली, तर दुकानातून नवी डिस्क मिळते, तिच्यावरचा आवाज मिळत नाही. नक्कल नेहमी दोन ठिकाणी असावी.

एका वेळी एकच

आमटीत मसालाही नवा, चिंचही नवी आणि डाळही नवी घातली, तर बिघडली कशाने हे सांगता येत नाही. इथेही तसेच. रॅम, डिस्क आणि वीज पुरवणारा एसएमपीएस एकाच दिवशी बदलू नका. एक भाग बदला, दोन-चार दिवस वापरा, मग दुसरा.

वहिनींनी हेच केले. आधी नुसती जुनी पट्टी ठेवली. दोन दिवस कॉम्प्युटर सुरळीत चालला. मग त्याच खाचेत नुसती नवी पट्टी घातली. तासाभरात निळा पडदा. तीच नवी पट्टी दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायला सांगितली, तर तोही अडला! मदरबोर्ड ठणठणीत होता, दोष नव्या पट्टीतच होता. ती बदलून मिळाली. नवे म्हणजे चांगले, असे धरून चालू नये, ते असे.

लक्षणे ओळखा

रॅम : बीप-बीप आवाज होतो पण पडद्यावर काही येत नाही, किंवा दरवेळी निराळीच चूक दिसते. पुष्कळदा पट्टी नीट बसलेली नसते. वायर काढून, पेटीच्या धातूला हात लावून, पट्टीची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवावी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही तपासणीही असते. डीडीआर३ आणि डीडीआर४ पट्ट्यांच्या खाचा वेगळ्या असतात. बसत नसेल तर जोर करू नये.

हार्ड डिस्क : टक्‌टक् आवाज, फाइल उघडायला फार वेळ. हे दिसले, की त्याच दिवशी नक्कल करा. एसएसडी आवाज करीत नाही, कधी कधी काही न सांगताच जाते. म्हणून तिची नक्कल आधीपासूनच हवी.

एसएमपीएस : जड काम सुरू झाले की कॉम्प्युटर एकदम बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते.

उष्णता : पंखा घरघरतो, उन्हाळ्यात यंत्र मंदावते किंवा बंद पडते. आत धूळ साचलेली असते, नाहीतर प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असते. दोन्ही कामे थोडक्यात होतात.

बॅटरी : सुरू करताना तारीख-वेळ दरवेळी चुकीची दिसते आणि वेबसाइटही उघडेनाशा होतात. मोठा बिघाड वाटतो खरा, पण बहुधा ३ व्होल्टची, नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. घड्याळाच्या दुकानातही ती मिळते.

बिलाशिवाय भाग नको

पक्के बिल घ्या. भागाचा सिरिअल नंबर आणि वॉरंटीची मुदत त्यावर लिहून घ्या. भागावरचे स्टिकर काढू नका, खोकेही जपून ठेवा. काढलेला जुना भाग दुकानात सोडून येऊ नका. नव्यात दोष निघाला, तर पारख करायला तोच उपयोगी पडतो.

सदोष माल बदलून मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

तेव्हा यापुढे कोणी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाले, तर घाबरून पाकीट उघडू नका. शांतपणे म्हणा, ‘आधी जुना भाग लावून दाखवा बघू.’ या एका वाक्याने कितीतरी मदरबोर्ड वाचतील, आणि तुमचे पैसेही!