छत नसलेल्या गाडीचा कणा

१९६२ साली ब्रिटनमध्ये आलेली एमजीबी ही उघड्या टपाची गाडी शौकिनांना आजही भुरळ घालते. अशी गाडी घेताना रंगापेक्षा दाराखालचा पत्रा आधी पाहावा.

बंद गाडीत टप आणि त्याचे खांबही वाकण्याला विरोध करतात. टप नसला की तो भार प्रामुख्याने दारांखालच्या पोकळ पोलादी तुळयांवर येतो. त्यांत पाणी साचले तर आतून गंज धरतो आणि गाडी मधोमध खचते. गाडी जॅकवर उचला. दाराची फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर सांगाडा कमकुवत झाला आहे असे समजा. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डची चासी मात्र स्वतंत्र होती. तिथे चासीच नीट तपासावी.

ढाणकीसारख्या समुद्रापासून दूरच्या उष्ण भागात किनारपट्टीपेक्षा गंज सावकाश धरतो. पण उन्हाने रबर तडकते. त्यात आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या नळ्या खराब करते. शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनात शिसे नसलेल्या पेट्रोलमुळे व्हॉल्व्हची बैठक झिजू शकते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि कठीण धातूच्या बैठका बसवलेल्या आहेत का, हे विचारा.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. मात्र ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. कागदपत्रे आणि सांगाडा, दोन्हींची खात्री पटल्याशिवाय इसार देऊ नका.