यंत्राचे मुखत्यारपत्र

पाथरी तालुक्यातील कोणत्याही गावचा जुना हस्तलिखित सातबारा पाहिला तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. जमीन विकली गेली, वारस लागले, वाटणी झाली, तरी पूर्वीच्या धारकाचे नाव पुसून टाकलेले नसते. ते कंसात घातलेले असते आणि नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माग काढीत गाव नमुना सहापर्यंत गेले की बदल कशाच्या आधारे झाला व कोणी प्रमाणित केला, याचा उलगडा होतो. मराठवाड्यात जमिनीचा वाद उद्भवला की आजही १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जाता येते, ते याच परंपरेमुळे. दप्तर बदलते, परंतु बदलाची साक्ष दप्तरातच राहते.

हे दप्तर आता संगणकावर आले आहे. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखविण्यात आले आणि मूळ नोंदींशी न जुळणाऱ्या चुका नोंदवून घेण्यात आल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. सोय झाली यात शंका नाही. परंतु लेखणीची चूक एका पानापुरती असते, यंत्राची चूक मात्र क्षणार्धात शेकडो पानांवर उमटू शकते, हाही संगणकाचा धर्म आहे.

आजवर संगणकापुढे माणूस बसत होता. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ‘एजंट’ आले आहेत. त्यांना काम सांगितले की ते स्वतः मजकूर वाचतात, काय बदलावयाचे ते ठरवितात आणि दूरच्या एखाद्या संगणकावरील फाइलमध्ये तो बदल करून मोकळे होतात. त्यासाठी त्यांच्या हाती फाइल-संपादनाचे साधन दिले जाते. त्याची सर्वसाधारण रीत सोपी आहे. फाइल कोणती, जुना मजकूर कोणता आणि त्याजागी नवा कोणता, एवढे एजंटाने सांगावयाचे. काळजीपूर्वक घडविलेले साधन प्रथम तो जुना मजकूर फाइलमध्ये नेमका एकदाच आहे काय, हे तपासते. तो आढळला नाही, किंवा दोन ठिकाणी आढळला, तर ते बदल नाकारते. एका गावात एकाच नावाचे दोन खातेदार असतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नकाराचे मोल सांगावयास नको.

परंतु हे नियम एजंटाला कसे कळावेत? येथेच साधनाच्या माहितीपत्रकाचा प्रश्न उपस्थित होतो. पूर्वी यंत्राबरोबर आलेली पुस्तिका कपाटात पडून राही. कारकून शेजारच्या अनुभवी सहकाऱ्याला विचारून काम शिके. एजंटाला असा शेजार नाही. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या पद्धतीत प्रत्येक साधन आपले नाव, आपले वर्णन आणि आपणास कोणती माहिती हवी याचा तपशील एजंटापुढे ठेवते. साधनाविषयी एजंटाला जे कळते ते मुख्यतः या वर्णनातूनच. तेव्हा वर्णनातील संदिग्ध वाक्य हे केवळ भाषेचे वैगुण्य राहत नाही. ते पुढे होणाऱ्या चुकीचे बीज ठरते.

अर्थशास्त्रात मालक आणि मुखत्यार यांच्या संबंधांचा विचार जुना आहे. जेन्सन आणि मेकलिंग यांनी १९७६ मध्ये कंपन्यांच्या संदर्भात तो मांडला. मुखत्याराचे हित मालकाच्या हिताहून वेगळे असते, म्हणून देखरेखीचा खर्च सोसावा लागतो, असा त्याचा मथितार्थ. यंत्राला स्वतःचा लोभ नाही, असे मानले तरी गैरसमज होऊ शकतो, आणि गैरसमजावर ते पूर्ण आत्मविश्वासाने अंमल करते. म्हणूनच माहितीपत्रक हे त्याचे मुखत्यारपत्र समजून लिहिले पाहिजे. कोणत्या फाइलींना हात लावावयाचा आणि कोणत्यांना नाही. वाचल्यावाचून लिहावयाचे नाही. वाचल्यानंतर दुसऱ्या कोणी फाइल बदलली असल्यास थांबावयाचे. मध्येच संपर्क तुटला तर बदल पूर्ण झाला की मुळीच झाला नाही, हे कसे ओळखावयाचे. आणि जुनी प्रत कोठे राहते. ही कलमे त्यात निःसंदिग्ध असली पाहिजेत.

एवढ्या लिखापढीने कामास विलंब होईल, असा आक्षेप घेतला जाईल. फेरफारावरील हरकतींसाठी असणारी पंधरा दिवसांची मुदत हाही विलंबच आहे; पण तो नागरिकाचे रक्षण करणारा विलंब आहे. अर्थात, साध्या पत्राच्या मसुद्याला आणि गुणपत्रिकेला एकच कसोटी लावण्याचे कारण नाही. दुसरी मर्यादाही मान्य केली पाहिजे. ‘हे खोडू नये’ असे नुसते लिहिल्याने खोडणे थांबत नाही; तो अधिकारच यंत्राला देता कामा नये. तलाठी नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. लिहिणारा हात आणि मान्यता देणारा हात निराळे ठेवण्यातील शहाणपण यंत्रयुगातही जुने होत नाही.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे पीककर्ज एका नोंदीवर अडते. विद्यार्थ्याचा प्रवेश एका आकड्यावर, तर कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन सेवापुस्तकातील एका तारखेवर अवलंबून असते. उद्या आपल्या शाळेत, महाविद्यालयात वा कचेरीत असे साधन आले, तर शिक्षकांनी आणि लिपिकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. याला काय करण्याची मुभा आहे, ते आम्हाला समजेल अशा मराठीत कोठे लिहिले आहे? केलेल्या बदलाची नोंद कोठे राहते? आणि चुकीचा बदल मागे कसा घ्यावयाचा? ज्या साधनाचे माहितीपत्रक या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही, त्याच्या हाती आपले दप्तर सोपविण्याची घाई कोणी करू नये.