गुळवेलीचा धंदा : आधी वेल ओळखा, मग वजन करा

कोरोनाच्या साथीने २०२० साली ज्या वस्तूंना अचानक बाजार मिळवून दिला, त्यांत गुळवेल फार वर होती. त्याआधी अत्ताराच्या दुकानात कोपऱ्यातल्या पोत्यात पडून राहणारी ही सुकी कांडी काढ्याच्या पुड्यांतून, गोळ्यांतून आणि बाटलीबंद रसातून घरोघर पोचली. साथ ओसरली. पण त्या घाईत बाजारात जी गल्लत झाली, तिचा धडा जडीबुटीच्या धंद्यातल्या आपल्या प्रत्येक बांधवाने ध्यानात ठेवावा असा आहे. धडा साधा आहे : ज्याला आपला माल ओळखता येत नाही, त्याची रोजी दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर टांगलेली असते.

दारातली वेल

नालासोपारा आणि वसईच्या लोकांना गुळवेल शोधायला दूर जावे लागत नाही. वाडीच्या कुंपणावर, कडुनिंबावर, आंब्यावर ती चढलेली दिसते. हकीम तिला गिलो म्हणतात, वैद्य अमृता म्हणतात. पाने हृदयाच्या आकाराची; उन्हाळ्यात बरीचशी झडतात. खोड कोवळेपणी हिरवे व मांसल असते, पुढे लाकडासारखे जाड होते. वरची साल कागदासारखी पातळ असून सहज सुटते आणि तिच्याखाली हिरवा रंग दिसतो. फांद्यांवरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात व जमिनीकडे येतात.

या वेलीत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. नराची फुले झुपक्याने येतात, मादीची बहुधा सुटी. फळे वाटाण्याएवढी, पिकल्यावर लाल. खोडाची कांडी आडवी कापली तर आत गाडीच्या चाकासारखी नक्षी दिसते, मध्यापासून कडेकडे गेलेल्या आऱ्यांची. तोडलेली कांडी झाडावर नुसती लटकत ठेवली तरी ती मुळे सोडून जगते. अमृता हे नाव तिला उगीच मिळालेले नाही.

आफ्रिकेतली भाऊबंद

गुळवेलीचे कूळ मोठे आहे. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत तिच्या जाती पसरल्या आहेत. याच कुळातली एक मोठी वेल पूर्व आफ्रिकेच्या, विशेषतः मोझांबिकच्या जंगलात उंच झाडांवर चढते. तिचे जाड पिवळे मूळ चकत्या करून वाळवतात. मुंबईच्या बाजारात या मुळीला कलंब-काचरी म्हणत. भूक वाढवणारे कडू औषध म्हणून ती युरोपातही जाई व ब्रिटिश औषधकोशात तिला जागा होती. नावावरून अनेकांना ती सिलोनच्या कोलंबोची वाटे. प्रत्यक्षात नाव आणि माल दोन्ही आफ्रिकेचे होते.

रसायनशास्त्रज्ञांनी या आफ्रिकी वेलीत सापडलेल्या दोन कडू क्षारांना तिच्याच लॅटिन नावावरून पामॅटिन आणि जॅट्रोऱ्हायझिन अशी नावे दिली. तेच दोन क्षार आपल्या गुळवेलीतही आढळतात. समुद्राच्या दोन काठांवरच्या दोन वेलींचे रक्ताचे नाते असे प्रयोगशाळेत उघड झाले.

आपल्या सोपाऱ्याला हा समुद्रव्यापार नवा नव्हे. अल-मसूदी, अल-इद्रीसी या अरब लेखकांनी सुबारा या नावाने या बंदराची नोंद केली आहे. पुढे वसई १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती, आणि मोझांबिकचा कारभारही १७५२ पर्यंत त्यांच्या गोव्यातूनच चाले.

कलंब-काचरीच्या व्यापारातही भेसळ होती. सिलोन आणि दक्षिण भारतात त्याच कुळातली एक पिवळ्या लाकडाची वेल होते, जिला झाडाची हळद म्हणतात. ती खोटा कलंबा म्हणून खपवली जाई. रंग पिवळा, चव कडू, एवढ्यावर ग्राहक फसे. म्हणजे एका वेलीच्या नावाने दुसरी विकण्याचा रोग जुना आहे.

एक नाव, दोन वेली

मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सहा रुग्णांची माहिती छापली. त्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या मालाची तपासणी झाली नव्हती, आणि तो गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. २०२२ साली देशातील १३ केंद्रांतल्या डॉक्टरांनी अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि खऱ्या गुळवेलीनेही काहींना त्रास होऊ शकतो असा निष्कर्ष काढला.

हा वाद तज्ज्ञांचा आहे. व्यापाऱ्याने त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, माल कुठल्या जातीचा हे सांगता आलेच पाहिजे. दोन, जात खरी असली तरी औषध ते औषध. यकृताचा आजार असलेल्या किंवा रोज इतर औषधे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘काही होत नाही, घ्या’ असे सांगणे दुकानदाराचे काम नव्हे. त्याला हकीम किंवा डॉक्टरकडे पाठवावे.

माल कसा पारखावा

क्रिस्पाचे खोड करड्या-तपकिरी रंगाचे असून त्यावर ठसठशीत गाठी असतात. गुळवेलीच्या खोडावर बारीक ठिपक्यांसारखे उंचवटे असतात. क्रिस्पा तोडली की दुधासारखा चीक येतो, गुळवेलीला तसा येत नाही. गुळवेलीचे फळ गोल व लाल, क्रिस्पाचे लांबट व नारिंगी. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाला तीन.

ही पारख कांडीची आहे, पुडीची नाही. दळलेला माल डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून लहान व्यापाऱ्याने भुकटी विकत न घेता अखंड कांडी किंवा जाड चकत्या घ्याव्यात, साल जागेवर आहे की नाही पाहावे, आणि चकतीतली चाकाची नक्षी तपासावी.

सत-गिलोचेही तसेच. ताजी कांडी ठेचून पाण्यात भिजवतात, चोळून गाळतात, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. हा साका मुख्यतः पिष्टच असतो. त्यामुळे त्यात तांदळाचे किंवा बटाट्याचे पिष्ट मिसळणे सोपे. आयोडीनचा थेंब टाकला तर खरे-खोटे दोन्ही निळे होते. ज्याच्यासमोर साका बसला त्याच्याकडूनच सत घ्यावे, हे उत्तम.

कोणाकडून घ्यावी

ठाणे जिल्ह्यातील शहापूरचे उदाहरण घ्या. तिथल्या कातकरी तरुणांच्या संस्थेने गुळवेल गोळा करून विकण्याचे काम उभे केले. २०२१ साली त्यांना ३५० टनांची, १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाल्याचे जाहीर झाले. हिशोब केला तर किलोला सुमारे ४५ रुपये पडतात. जे लोक पूर्वी मधल्या दलालाच्या तोंडाकडे पाहत, ते एकत्र आल्यावर थेट कंपनीशी बोलू लागले.

आपल्याकडेही असे गट जोडून घेता येतील. मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे. तिथला माल चुकूनही घेऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आहे, तेव्हा खरेदी त्यांच्याकडून, पावतीनिशी आणि रास्त भावाने व्हावी. वेल मुळासकट उपटू देऊ नये. बुंध्याशी हातभर खोड राखले तर ती पुन्हा फुटते. ज्यांच्याकडे कुंपण आहे त्यांनी पावसाच्या तोंडावर बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या निंबाच्या पायथ्याशी लावाव्यात. खर्च जवळजवळ नाही. आणि काढा किंवा चूर्ण स्वतः बनवून औषध म्हणून विकायचे असेल तर परवान्याशिवाय हात घालू नये.

ओला माल वर ठेवा

गुळवेलीत पाणी भरपूर असते. सुकली की वजन निम्म्याहून कमी भरते, म्हणून अर्धवट वाळलेला माल पोत्याच्या आत दडपण्याचा मोह होतो. त्याला बुरशी लागते, आणि ती बुरशी शेवटी आजाऱ्याच्या पोटात जाते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा त्यांचा प्रश्न होता. आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे त्यांनी बजावले. धान्य विकणाऱ्याला जो नियम, तो दवा विकणाऱ्याला अधिकच लागू होतो. धान्य घेणारा निदान धडधाकट असतो. दवा घेणारा आजारी असतो आणि डोळे मिटून आपल्यावर भरवसा टाकतो. ती अमानत आहे.